तळ्यावरची टाच

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. भाजी काय आणायची हेसुद्धा भांडल्यासारखं विचारलं जाई. नवा पाहुणा पहिल्या चहालाच अवघडून जाई, आपण चुकीच्या वेळी आलो की काय म्हणून. शेजारच्या बायका म्हणत, मालवणी माणसांचा आवाजच तसा, आणि आम्ही ते कधी खोडून काढलं नाही. खरं कारण आबा होते. माझे वडील कुर्ल्याच्या एका कापडगिरणीत मागावर होते आणि मागांच्या खडखडाटात त्यांचे कान थोडे थोडे करत गेले होते. आई त्यांच्या समोर येऊन, ओठ नीट हलवून बोले. पाठमोऱ्या आबांशी कुणी बोलायचं नाही, आधी खांद्यावर हात ठेवायचा, हा घरचा नियम होता. गिरणीत तर बोलणं शक्यच नसे, म्हणून तिथल्या माणसांनी हातांच्या खुणा केल्या होत्या आणि त्या आबांबरोबर आमच्या घरात राहायला आल्या. दोन्ही तर्जन्या एकमेकींना टेकवून फटकन वेगळ्या केल्या की 'धागा तुटला'. तळहात पालथा धरून हवेत सपाट फिरवला की 'सगळं ठीक'. दूध नासलं, धागा तुटला. शाळेत छड्या खाल्ल्या, धागा तुटला. या दोन खुणांवर आमचं निम्मं बालपण निभावलं.

हे बहिरेपण बाहेर कळू द्यायचं नव्हतं. गिरणीत समजलं तर मागावरून काढतील, अशी आबांना धास्ती होती. त्यामुळे चाळीत, वाण्याकडे, लग्नाकार्यात ते ऐकू आल्यासारखं हसत, मान डोलवत, आणि आई बाजूला उभी राहून उत्तर देई. लोक म्हणत, भिकाजीची बायको नवऱ्याला बोलू देत नाही. आईने हा आळ आयुष्यभर सोसला. आता माझ्या उजव्या कानात बटणाएवढं यंत्र आहे, आणि चारचौघांत न ऐकता हसायला किती दमायला होतं ते मला कळतं. संध्याकाळी मी ते काढून डबीत ठेवते तेव्हा आबांची फार आठवण येते. त्यांच्याकडे डबी नव्हती.

आमची चाळ मुलुंडच्या पूर्वेला होती, वस्ती संपून मिठागरं सुरू होतात त्या कडेला. मागच्या दाराने बाहेर पडलं की तिवरांपर्यंत नुसते मिठाचे वाफे आणि बांध. वाळत घातलेल्या कपड्यांना खारट वास येई. आईचं डोकं मिठावरच्या पांढऱ्या उजेडाने दुखे, मग ती दुपारी कपाळाला सुंठ लावून पडे. चहाच्या साखरेला हमखास मुंग्या आणि भिंतीला हमखास ओल. जेवायला भात, कुळथाची पिठी, एखादी भाजलेली सुकट, आणि कोकणातून नुकतंच कुणी आलं असेल तर त्याच्या पिशवीतली सोलं. आबा मुंबईला आले तेव्हा गिरणीत चिकटेपर्यंत याच मिठागरात राबले होते. मिठागरातल्या माणसांचे प्रमुख बाळाराम नाना हे जुने आगरी गृहस्थ. त्यांनीच आबांना जागा मिळवून दिली, बांधावर झोपायला घोंगडी दिली, आणि जमिनीची समजही दिली. ही समज पुढे आबांची इज्जत झाली. गिरणीत ते शेकड्यांतले एक होते. मिठागरात वर्षातून एकदा त्यांच्यावाचून अडत असे.

ते असं. मीठ पिकवायचे वाफे पायांनी आणि लाकडी ठोकण्यांनी बडवून दगडासारखे घट्ट केलेले असतात. त्यांच्या मागे मोठं तळं होतं. भरतीचं पाणी आधी त्यात घ्यायचं, उन्हात तापवायचं आणि मग वाफ्यांत सोडायचं. हंगाम संपत आला की खाडीचं पाणी बंद करत, आणि तळं वाळून पांढरंफेक होई. दिसायला वाफ्यांसारखंच, पण त्याची जमीन कुणी कधी बडवलेली नसे. वर मिठाची आणि वाळल्या मातीची साय, खाली खाजणाचा चिखल. कुठे ती साय बैलगाडी पेलेल अशी, कुठे पापडासारखी. पाऊस लागायच्या आधी, पश्चिमेचा खारा वारा दुपारी जोर धरू लागला की त्या तळ्यावर शिडाच्या गाड्यांची शर्यत होई. एक फळी, मागे सायकलची दोन चाकं, पुढे पायांनी वळवायचं एक छोटं चाक, मध्ये बांबू आणि बांबूला शीड. तळं दक्षिणोत्तर लांब, वारा बाजूने लागायचा, म्हणून जाताना आणि येताना दोन्ही वेळा गाडी सुसाट जाई. पलीकडच्या टोकाला एक खांब रोवत, त्याला वळसा घालून परत यायचं. आगरी पाड्यातली पोरं आणि आमच्या चाळीतली पोरं, अशी ती खुन्नस होती. शिडं गिरणीतून कामगारांना स्वस्तात मिळणाऱ्या कापडाच्या तुकड्यांची असत. आमच्या दादाचं शीड आईने हाताने शिवलं होतं, दुहेरी टीप घालून, आणि ते फडफडायला लागलं की ती चाळीच्या दारातूनसुद्धा ओळखत असे.

माझा नातू परदेशात असतो. मागच्या थंडीत त्याने मला फोनवर एक चित्रफीत पाठवली. गोठलेल्या तलावावर पोलादी पात्यांवर घसरणाऱ्या होड्या, त्यांना शिडं, आणि माणसं टोप्या घालून त्यांत आडवी पडलेली. होड्या सुसाट पळत होत्या. शर्यतीआधी एक माणूस लोखंडी सळई घेऊन बर्फाला टोचत टोचत चालला होता, गळ्यात दोन अणकुचीदार खुंट्या, पडलो तर बर्फात रोवून वर यायला. आजी, बघ किती डेंजर, असं नातवाने खाली लिहिलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग त्याला नुसता अंगठा पाठवला. आपल्याकडच्या गोष्टी सांगायला आता फार सुरुवातीपासून सांगावं लागतं, आणि तेवढा दम राहिलेला नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या तळ्यात सळई टोचून चालत नसे. भोक पाडलं की खालचं पाणी वर येतं आणि भोवतालची चांगली सायही भिजून जाते. म्हणून टाच मारायची. अनवाणी चालायचं, थोड्या थोड्या अंतरावर टाच आपटायची आणि ऐकायचं. घट्ट जमीन टणक बोलते, रिकाम्या डब्यावर बोट मारल्यासारखी. पोकळ जमीन 'थप' असं ओलं, दमलेलं बोलते. पोकळ सापडली की तिच्या अलीकडे लाल चिंधीचा बावटा लावायचा. दोघांनी कधी शेजारी शेजारी चालायचं नाही. गाडीवर एक आडवा बांबू बांधलेला असलाच पाहिजे, आणि साय फुटलीच तर पाय झाडायचे नाहीत, पाठीवर पडून हात पसरायचे आणि दोराची वाट बघायची. हे सगळं आबा आम्हाला दर वर्षी गणपतीच्या आरतीसारखं म्हणून दाखवत. चिखल माणसाला गिळत नाही, तो फक्त धरतो. पण पळत्या गाडीचं चाक रुतलं की माणूस तोंडावर फेकला जातो, आणि तोंड-नाक चिखलात गेलं की दोर टाकेपर्यंत वेळ राहत नाही. आबांच्या बरोबरीचा एक जण असाच गेला होता, शर्यतीत नव्हे, साधं पाणी सोडायला जाताना. त्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे.

नानांचे गुडघे गेले तेव्हा हे काम आबांकडे आलं. शर्यतीच्या सकाळी ते एकटे तळ्यावर उतरत, बांधावर सगळे गप्प उभे राहत, आणि आबा देवळात चालावं तसे टाच मारत जात. मी चिंध्यांची पिशवी घेऊन त्यांच्या मागे, अंतर ठेवून. असं आम्ही बरीच वर्षं केलं. मला नेमकं कधी समजलं ते आठवत नाही. टाच मारल्यावर आबा जमिनीकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात, हे आधी लक्षात आलं. मग एकदा 'थप' झालं आणि ते पुढे निघाले, तेव्हा माझ्या हातांनी आपोआप धागा तोडला. ते थांबले. परत टाच मारली, परत माझ्याकडे पाहिलं. मी परत धागा तोडला. त्यांनी बावटा लावला, आणि बांधाकडे पाठ करून माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर तळं मी ऐकलं आणि बावटे त्यांनी लावले. घरी कुणाला सांगायचं नाही, असं ते एकदाच म्हणाले. आईलाही नाही. आईला त्यांचे कान गेलेले ठाऊक होते, पण तळ्याचं कसब कानांचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटे, मी नुसत्या चिंध्या उचलते.

मग एका वर्षी मी पहिल्यांदा बाजूला बसले, शर्यतीच्या आदल्या दिवशीच. आईने मला मागच्या गॅलरीत गोणपाट टाकून दिलं, वेगळा तांब्या दिला, केस विंचरून दिले आणि कधी नव्हे ते अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आता तू ल्हान नाय गो. चार दिस हंयच बसाचा. तळ्यार पाय ठेवचो नाय, मीठ नासता." चाळीत लोणच्याला, पापडाला शिवायचं नाही हे घरोघरी होतं, पण आमच्या वस्तीत मिठागराचं त्याहून कडक होतं. बाजूला बसलेल्या बाईचा पाय पडला की मीठ काळं येतं, अशी पक्की समजूत. पाड्यातल्या बायका त्या दिवसांत बांधावरूनसुद्धा जात नसत, लांबचा वळसा घेत. नळावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी दोघी शेजारणी मला बघून हसून गेल्या, एकीने गूळ आणून दिला. माझं लक्ष नव्हतं. मी गिरणीतून आबा कधी येतात याची वाट बघत होते.

आबा आले, आईने त्यांना ओठांनी सांगितलं, आणि ते जेवायला बसले. माझ्याकडे बघितलंच नाही. सकाळी ते पिशवी घेऊन एकटे उतरले. गॅलरीतून तळ्याचा एक कोपरा दिसे, तेवढ्यात मला ते दिसले. टाच मारत होते, थांबत होते, मान तिरकी करत होते, सगळं नेहमीसारखं. नेहमीच्याच जागी त्यांनी लाल चिंधी लावली. मागच्या वर्षी जिथे होती तिथेच. तळं दर वर्षी वेगळं वाळतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. घरी आल्यावर ते पोहे खायला बसले, ओलं खोबरं घातलेले, शर्यतीच्या दिवशीचे. मी गॅलरीच्या दारात उभी राहून हातांनी विचारलं, कसं ऐकलंत? आबांनी बशीतून मान वर केली, पालथा तळहात हवेत सपाट फिरवला, आणि परत बशीत बघायला लागले. माझे वडील माझ्याशी खोटं बोलले ते तेवढं एकदाच, आणि तेही हातांनी. मला राग आला नाही. मला त्यांची दया आली, आणि बापाची दया येणं ही फार वाईट गोष्ट आहे.

दादा गाडीला वंगण देत होता. त्या वर्षी त्याची गाडी ओळीत पहिली लागणार होती आणि त्याचे पाय जमिनीवर नव्हते. मी त्याला गॅलरीतून म्हटलं, दादा, आज आबांना बरोबर ऐकू आलं नाही, तू जाऊ नकोस. तो म्हणाला, आबांनी टाच मारलीय ना, मग झालं तर, तू गप बस ना तिकडे. आबांनी टाच मारलीय, हे वाक्य आमच्या वस्तीत देवावर हात ठेवल्यासारखं होतं. मग मी आईला सांगितलं. आबांना दिलेला शब्द मोडून सगळं सांगितलं, टाच, आवाज, मी, चिंध्या. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले, मग परत सुरू झाले. "खुळावलंस काय?" ती म्हणाली. "तुझो बापूस तां तळा तुझ्या जल्माच्या आदीपासून ऐकता." तिला मी खोटी वाटले नाही, तिला ते ऐकायचं नव्हतं. त्या तळ्यावरची इज्जत ही एकच गोष्ट आबांकडे अशी होती, जिच्यात तिला मध्ये उभं राहून उत्तर द्यावं लागत नव्हतं.

दुपारी वारा सुटला. चाळ रिकामी झाली, सगळे बांधावर गेले. आई नळावर हंडा लावायला गेली आणि मी गोणपाटावरून उठले. चप्पल घातली नाही. बांधापर्यंत धावले, आणि तिथे बायकांनी मला बघून वाट करून दिली, म्हणजे मागे सरकल्या. खाली तळं पांढरं लखलखत होतं, गाड्या ओळीने लागल्या होत्या, शिडं फडफडत होती. आईने शिवलेलं शीड पहिलंच. आबा गाड्यांच्या बाजूला झेंडा वर धरून उभे होते. झेंडा खाली पडला की गाड्या सुटणार. मी बांधाच्या टोकाशी आले तसे नाना काठी टेकत आडवे आले. ते वाईट माणूस नव्हते. हळूच म्हणाले, "पोरी, तू बसलीस ना? खाली नको उतरू. सगल्यांचं पोट हाय त्या मिठावर." मी उतरले नाही. तिथेच उभी राहिले आणि दोन्ही हात उंच करून धागा तोडला.

आबांनी पाहिलं. नजर फिरवली. मी परत धागा तोडला. परत. बांधावरच्या कुणाला कळत नव्हतं ही मुलगी काय करते आहे. दादा गाडीवर आडवा झाला होता, पाय चाकावर, आणि ओरडत होता, आबा, टाका झेंडा, वारा जातोय. आबांना ते ऐकू येत नव्हतं. ते पलीकडच्या खांबाकडे बघत होते, मग दादाकडे, मग माझ्या हातांकडे. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी झेंडा काठीला गुंडाळला, गोधडी गुंडाळावी तसा सावकाश, आणि चालत नानांपाशी आले. त्यांना ते नानांच्या कानातच सांगायचं होतं. ते वाकले, नानांच्या कानाला तोंड लावलं, एका हाताने आडोसाही केला. पण ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही त्याला कुजबुजता येत नाही. अख्ख्या बांधाने ऐकलं.

"नाना, माका ऐकाक येणा नाय. गिरणीन कान खाल्ल्यान माजे. इतकी वर्सा ह्या चेडवान ऐकल्यान आणि मी नुसते बावटे लावले. आज माजे कान घरात बसवलेहत. ता ऐकल्याबगर झेंडो पडाचो नाय."

शिडांचा तेवढा आवाज. मग नाना म्हणाले, पण मीठ नासेल रे भिकाजी. ओठांवरून आबांना ते समजलं.

"मीठ नासला तर परत पिकता, नाना," आबा दादाकडे बघत म्हणाले. "माजो झील परत पिकाचो नाय."

नाना काठी टेकत बाजूला झाले. मी खाली उतरले. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही उलटे चाललो, मी पुढे आणि आबा मागे अंतर ठेवून. टाच माझीच. पाय पडताना मला सगळ्यांच्या नजरा पोटऱ्यांवर जाणवत होत्या. मी कुणाकडे बघितलं नाही. तळ्याचा मधला भाग टणक बोलत होता, छान बोलत होता, इतका की मला भीती वाटायला लागली, सगळंच टणक निघालं तर या माणसाचं काय होईल. मागच्या वर्षीच्या बावट्याशीही टणक. मग पलीकडच्या खांबाच्या अलीकडे, जिथे सगळ्या गाड्या वळायला दाटीवाटी करणार होत्या तिथे, 'थप' झालं. मी बाजूला सरकून परत मारली. थप. मी मागे वळून धागा तोडला तेव्हा आबांचे डोळे मिटलेले होते, म्हणून परत त्यांच्याजवळ जाऊन, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तोडावा लागला. दोघा माणसांनी नानांना धरून आणलं आणि त्यांनी स्वतः तिथे बांबू रोवला. तो त्यांच्या मुठीपर्यंत गेला. भोकातून काळं पाणी वर आलं आणि पांढऱ्या मिठावर पसरलं. नाना नुसते 'हं' म्हणाले. मी वळून पाहिलं तर बांधावर आई उभी होती, कमरेवर भरलेला हंडा तसाच घेऊन.

शर्यत झाली नाही. खांब हलवून परत मांडेपर्यंत वारा पडला आणि पोरांनी गाड्या ओढत घरी नेल्या. दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तो आता कांदिवलीला असतो, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, आणि अजून नातवंडांना सांगतो की त्या वर्षी तोच पहिला आला असता. चिखलच होता ना, म्हणतो, काय झालं असतं. मी वाद घालत नाही. त्याला हे म्हणायला मिळतंय यातच सगळं आलं.

पुढचंही सांगून टाकते, म्हणजे मनावरचं ओझं जाईल. बांधावर आबांच्याच गिरणीतले दोघे होते. महिन्याभरात आबांना मागावरून काढून झाडलोटीवर घेतलं, पगार तुटला, आणि आई वस्तीतल्या बायकांच्या पोलक्यांना हुक-काजं करायला लागली. पुढच्या हंगामात मीठ काळपट आलं. पाऊस लांबला होता, बांध फुटला होता, कारणं पुष्कळ होती, पण वस्तीने एकच धरलं. मला नळावर बायका वाट करून देत राहिल्या, लग्न होऊन मी तिथून जाईपर्यंत. आबांना तळ्यावर परत कुणी बोलावलं नाही. त्यांच्या पाठीमागे पोरं टाच मारून 'थप' म्हणायची आणि हसायची, आणि आबा सरळ चालत जायचे. ऐकू येत नाही याचा त्यांना तेवढा एक फायदा झाला असेल. एकदोन वर्षांनी शर्यतच बंद पडली. आता आम्ही परत मुलुंडलाच राहतो आणि माझ्या खिडकीतून ती जागा दिसते. तळ्यावर तिवरं आली आहेत आणि पलीकडे हायवेचे दिवे. सून विचारते, आई, सारखं तिकडे काय बघता? काही नाही म्हणते.

पण मला हे प्रकरण तिथे संपवायचं नाही. त्या शर्यतीच्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. आबा भिंतीला टेकून बसले, माणूस दुखण्यातून उठल्यावर बसतो तसे. दादा माळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी मुकाट्याने गॅलरीत गेले आणि गोणपाट शोधायला लागले. ते नव्हतं. वेगळा तांब्याही नव्हता, तो घासून आतल्या फळीवर ठेवलेला दिसला. आई चुलीपाशी कुळथाची पिठी ढवळत होती. माझ्याकडे पाठ होती. तिने डाव्या हाताने मिठाची बरणी मागे सरकवली आणि म्हणाली, "शालू, पिठीत मीठ घाल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझे कान तेव्हा चांगले होते. मी हलले नाही, तशी तिने बरणीचं झाकण काढलं, आणि वळून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते. चुलीचा धूर नव्हता. मी बरणीत हात घातला, तळहातभर मीठ घेतलं आणि घातलं. अंदाज नव्हता, जास्तच पडलं असणार. तिने ढवळलं, पानं वाढली, चौघांची एकाच ओळीत, आणि माझं पान आबांच्या शेजारी मांडलं.

आबांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. मग माझ्याकडे झुकले, तोंडापाशी हाताचा आडोसा केला, आणि आपल्या परीने अगदी हळू म्हणाले, "मीठ बराबर आसा."

साऱ्या चाळीने ऐकलं.